पुस्तक खाणारा मुलगा : चित्रपुस्तकांतील वाचनाची कारणमीमांसा

वाचणाऱ्या माणसाचे चित्र काढणे ही मुळातच अडचणीची गोष्ट आहे. धावणारा मुलगा धावताना दिसतो, रडणारा रडताना दिसतो. वाचणारा मुलगा मात्र केवळ बसलेला दिसतो. मान झुकलेली, नजर कागदावर, हात जवळजवळ निश्चल. ज्यासाठी हे सारे चालले आहे ते पाहणाऱ्याच्या दृष्टीआडच राहते. एकट्या चित्राला ही निश्चलता पेलते, किंबहुना शोभते. चित्रपुस्तकाला ती पेलत नाही. चित्रपुस्तकातील प्रत्येक चित्राने पान उलटायला भाग पाडले पाहिजे, आणि बसून राहिलेल्या मुलाचे पान कोण उलटणार? म्हणूनच चित्रपुस्तकात वाचन दाखवायचे झाल्यास त्याचे रूपांतर दुसऱ्या कुठल्या तरी दृश्य क्रियेत करावे लागते. ती क्रिया कोणती निवडली जाते, हा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. प्रत्यक्षात तो मूल्यांचा आहे.

मराठीतील बालसाहित्यविचाराने ह्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ह्याचे एक कारण असे, की आपल्याकडे 'सचित्र पुस्तक' आणि 'चित्रपुस्तक' ह्यांतील भेद पुष्कळदा पुसट राहिला. सचित्र पुस्तकात शब्दसंहिता स्वयंपूर्ण असते व चित्र तिची सजावट करते. चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र ह्यांपैकी कोणीही एकटे पुरे पडत नाही आणि अर्थ दोहोंच्या ताणातून निर्माण होतो. पेरी नोडेलमन ह्यांच्या 'वर्ड्स अबाउट पिक्चर्स' (१९८८) ह्या ग्रंथाने हा ताणच अभ्यासविषय केला. बालसाहित्याची चर्चा बोध आणि रंजन ह्या जोडीभोवती फिरत राहिली की चित्र आपोआप रंजनाच्या खात्यात जमा होते आणि त्याची विचारप्रणाली तपासण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते.

चित्रपुस्तकाच्या वाचनव्यवहारात आणखी एक गुंतागुंत आहे. त्याचा अभिप्रेत वाचक बहुधा वाचू न शकणारा असतो. मोठे माणूस वाचते, मूल ऐकते आणि चित्र पाहते. साहजिकच वाचनाविषयीचे चित्रपुस्तक हे ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्यापुढे, ज्याला येते त्याने मांडलेले, वाचनाचे समर्थन असते. जॅकलीन रोझ ह्यांनी 'द केस ऑफ पीटर पॅन' (१९८४) मध्ये बालसाहित्य हे मुलाच्या नव्हे, तर मुलाविषयीच्या प्रौढ इच्छेच्या पोटी जन्मते असे म्हटले. ते विधान सर्वत्र सारखेच लागू पडते की नाही हा वादाचा मुद्दा आहे. पण वाचनाविषयीच्या चित्रपुस्तकांना ते चांगलेच लागू पडते. मुलाने वाचावे ही इच्छा मुलाची नसते. ती आईबापांची, शिक्षकांची, ग्रंथपालांची आणि प्रकाशकांचीही असते.

मुलगा आणि मुलगी हा भेद ह्या इच्छेत कुठे शिरतो? लेनोर वाइट्झमन व सहकाऱ्यांनी १९७२ साली कॅल्डेकॉट पारितोषिकप्राप्त चित्रपुस्तकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पुरुषपात्रांची चित्रे २६१ आणि स्त्रीपात्रांची २३ भरली. ह्या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचारात घेण्याजोगा आहे : मुलगे घराबाहेर, कृतिशील, काही तरी मिळवणारे, मुली घरात, स्थिर, पाहणाऱ्या. ही विभागणी स्वीकारली की बसून वाचणारा मुलगा कुठे ठेवायचा हा पेच उभा राहतो. तो स्थिर आहे, आत आहे, काहीही मिळवताना दिसत नाही. चित्रांत मुलांची गर्दी असूनही वाचणाऱ्या मुलाला तीत सहज जागा नाही. ती मिळवायची तर त्याला कारण दाखवावे लागते.

हे कारण दाखवण्याची एक रीत रॉबर्ट क्रॉस ह्यांच्या 'लिओ द लेट ब्लूमर' (१९७१) ह्या पुस्तकात दिसते. चित्रे होजे अरुएगो ह्यांची. लिओ हा वाघाचा बछडा. त्याला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, चित्र काढता येत नाही, जेवताना सांडलवंड होते आणि तो बोलतही नाही. बरोबरीच्या प्राण्यांना हे सारे येते. वडील काळजीत, आई म्हणते, हा उशिरा फुलणारा आहे, धीर धरा. वडील रात्रंदिवस लिओवर पाळत ठेवतात. पुढे आईच्या सांगण्यावरून ती सोडून दूरदर्शन पाहत बसतात. ऋतू बदलतात आणि एके दिवशी लिओ फुलतो. पुस्तक प्रेमळ आहे, पालकांना दिलासा देणारे आहे आणि अरुएगो ह्यांची रेषा तर खुलूनच आली आहे. परंतु ह्या पुस्तकात वाचन कोणत्या पंक्तीला बसले आहे ते पाहावे. ते लेखन, चित्रकला आणि न सांडता जेवणे ह्यांच्या रांगेत आहे. विकासाच्या तक्त्यातील एक रकाना आहे. लिओ काय वाचतो, ह्याला महत्त्व नाही. बोलू लागल्यावर तो जे पहिले पूर्ण वाक्य उच्चारतो ते कोणत्याही पुस्तकाविषयी नसते, आपण जमवल्याची ती ग्वाही असते. म्हणजे वाचता न येणे हा आजार, येणे हा उतारा. आणि आजार सरल्यावर उताऱ्याची गोडी घेत बसण्याचे कारणच काय?

ऑलिव्हर जेफर्स ह्यांच्या 'द इन्क्रेडिबल बुक ईटिंग बॉय' (२००६) मध्ये हीच रीत उलटी केली आहे आणि म्हणूनच हे पुस्तक अधिक बारकाईने पाहायला हवे. हेन्री नावाच्या मुलाला पुस्तके आवडतात, पण खायला. आधी एक शब्द, मग वाक्य, मग पान, मग अख्खे पुस्तक. मराठी वाचकाला ह्या कल्पनेचे नवल कमी वाटेल, कारण हे रूपक आपल्या भाषेत केव्हाचेच रुळले आहे. आपण पुस्तकाचा फडशा पाडतो, अधाश्यासारखे वाचतो, वाचलेले पचवतो, न पचल्यास रवंथ करतो. जेफर्स ह्यांनी केले ते एवढेच, की रूपकाला शब्दशः घेतले. आणि शब्दशः घेतलेले रूपक चित्रात दिसू लागते. वाचनाची अदृश्यता एका फटक्यात सुटते. बसलेल्या मुलाऐवजी तोंड उघडून पुस्तकावर तुटून पडलेला मुलगा मिळतो, आणि त्याचे पान नक्कीच उलटले जाते.

पण रूपक फुकट मिळत नाही. खाण्याबरोबर जिंकणे येते. हेन्री जितकी पुस्तके खातो तितका हुशार होत जातो. वडिलांचे शब्दकोडे सोडवतो, शिक्षकांना मागे टाकतो, पृथ्वीतलावरील सर्वांत हुशार माणूस होण्याची आकांक्षा धरतो. एका वेळी तीन-तीन, चार-चार पुस्तके पोटात जाऊ लागतात. मग अपचन, मग सगळ्या माहितीची सरमिसळ, मग डॉक्टरांचे पथ्य. उदास होऊन बसलेला हेन्री अर्धवट खाल्लेले एक पुस्तक उचलतो आणि खाण्याऐवजी उघडतो. वाचनाचा आनंद त्याला तिथे सापडतो. सर्वांत हुशार होण्याची आशा तो तेव्हाही सोडत नाही. फक्त ह्या मार्गाने वेळ जरा अधिक लागेल, इतकेच.

ह्या शेवटच्या वळणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खाणे सुटले तरी स्पर्धा सुटलेली नाही. वाचनाचा आनंद सापडला खरा, पण तो स्पर्धेच्या जागी आला नाही, तिच्या शेजारी येऊन बसला. जेफर्स ह्यांच्या चित्रकाराने मात्र लेखकापेक्षा दोन पावले पुढे टाकली आहेत. ही चित्रे जुन्या, टाकून दिलेल्या पुस्तकांच्या पानांवर, आलेखाच्या कागदांवर काढलेली आहेत. हेन्रीच्या मागे, त्याच्या अंगाखालून, दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकातील अक्षरे डोकावत राहतात. ऐकणाऱ्या मुलाला ती वाचता येत नाहीत. वाचून दाखवणाऱ्याला येतात, पण ती कथेचा भाग नसल्यामुळे तो वाचत नाही. निरुपयोगी, कोणत्याही परीक्षेत न येणारा मजकूर पानभर पसरलेला असतो. हेन्रीची कथा पुस्तकांचा उपयोग सांगते आणि तिच्या पार्श्वभूमीचा कागद निरुपयोगी पुस्तकांचे सौंदर्य दाखवतो. मलपृष्ठाचा कोपरा तर खरोखरच चावा घेतल्यासारखा कापलेला आहे. हातात धरलेली वस्तू आणि कथेतील वस्तू ह्यांतील सीमारेषा त्या एका कोपऱ्यात पुसली जाते. शब्दसंहितेतील हिशेबीपणाला चित्रसंहितेने दिलेली ही हूल हेच ह्या पुस्तकाचे खरे यश होय.

ह्या पुस्तकाचा काळही ध्यानात घ्यावा लागेल. मुलगे वाचनात मागे पडत आहेत ही चिंता इंग्रजीभाषक जगात १९९०च्या दशकापासून वाढत गेली. २००० साली झालेल्या पिसा चाचणीत वाचनामध्ये सहभागी झालेल्या प्रत्येक देशात मुलींची सरासरी मुलांपेक्षा वरचढ ठरली, तेव्हा तर त्या चिंतेला आकड्यांचे बळ मिळाले. 'द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज' (१९८९) लिहिणाऱ्या जॉन शेस्का ह्यांनी 'गाइज रीड' हा उपक्रम मुलग्यांसाठीच सुरू केला. त्यांचे एक म्हणणे निर्विवाद आहे : मुलाला आपल्या अवतीभवती वाचणारे पुरुष दिसले पाहिजेत. मात्र ह्या चळवळीने एक गृहीतकही सोबत आणले, की मुलगा हा स्वभावतः वाचनाविरुद्ध असतो आणि त्याला विनोद, किळस, यंत्रे किंवा स्पर्धा ह्यांचे आमिष दाखवून पुस्तकापर्यंत न्यावे लागते. आमिष दाखवणाऱ्याने पुस्तकाला आधीच कडू औषध मानलेले असते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

वाचणारे पुरुष चित्रपुस्तकांत नाहीत असे मात्र नाही. ते आहेत आणि वर्तमानपत्रामागे आहेत. अँथनी ब्राउन ह्यांच्या 'गोरिला' (१९८३) मध्ये हॅनाचे वडील न्याहारीच्या मेजावर उघडलेल्या वर्तमानपत्रामागे असतात आणि तो कागद बाप व लेक ह्यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. ह्याच चित्रकाराच्या 'पिगीबुक' (१९८६) मध्येही घरातला पुरुष वर्तमानपत्रामागे बसतो आणि घर एकटी आई ओढते. हेन्रीचे वडील शब्दकोड्याचे, लिओचे वडील दूरदर्शनचे. प्रौढ पुरुषाचे वाचन म्हणजे इतरांना दूर ठेवण्याची सोय, असाच पाठ मुलगा ह्या चित्रांतून घेणार.

ह्याच्या शेजारी सारा स्ट्यूअर्ट आणि डेव्हिड स्मॉल ह्यांचे 'द लायब्ररी' (१९९५) ठेवून पाहावे. एलिझाबेथ ब्राउन ही मुलगी वाचते आणि वाचतच राहते. अंथरुणात, शाळेत, रस्त्याने चालताना, घर झाडताना. ती का वाचते असे कोणी विचारत नाही आणि पुस्तकही सांगत नाही. घर पुस्तकांनी भरून दार उघडेनासे झाल्यावर ती सारे गावाला देऊन टाकते आणि मैत्रिणीकडे राहायला जाते. मुलीच्या वाचनाला कारण लागत नाही. अर्थात ह्या मोकळिकीची किंमतही पुस्तकात आहे : एलिझाबेथ विक्षिप्त आहे, लाजाळू आहे, संसाराबाहेर आहे, तिच्या वाचनाने जगाचे काही बिघडत नाही आणि काही बदलतही नाही. तिच्याकडून कोणाची अपेक्षाच नाही, म्हणून तिला कारण विचारले जात नाही. मुलग्यावर अपेक्षांचा भार आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक पानाचा जमाखर्च मांडला जातो.

आतापर्यंतचे विवेचन एका ठिकाणी मात्र अपुरे पडते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. 'मुलगा वाचत नाही' ही चिंता ज्या मुलाविषयी आहे, तो सुस्थितीतला मुलगा आहे. त्याच १९९०च्या दशकात अमेरिकेत अशी काही चित्रपुस्तके निघाली, ज्यांतील मुलाला वाचायचे आहे आणि जग त्याला वाचू देत नाही.

मेरी ब्रॅडबी ह्यांच्या 'मोर दॅन एनीथिंग एल्स' (१९९५) चा निवेदक नऊ वर्षांचा बुकर आहे. पुढे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणून जग त्याला ओळखणार आहे. उजाडण्यापूर्वी तो वडील आणि भावासोबत मिठाच्या कामावर जातो. एक कृष्णवर्णीय माणूस लोकांच्या घोळक्यात वर्तमानपत्र वाचून दाखवताना त्याला दिसतो. हे तेच वर्तमानपत्र, ब्राउन ह्यांच्या चित्रांत भिंत झालेले! इथे ते दहा माणसांना जवळ आणते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी कान द्यायचे ही पारावरची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आई बुकरला अक्षरओळखीचे एक छोटे पुस्तक मिळवून देते. पण आईलाही वाचता येत नाही आणि पुस्तक हातात असून मुके राहते. अखेर तो वर्तमानपत्रवाल्याला शोधून काढतो आणि त्याच्याकडून अक्षरांचे आवाज आणि त्या अक्षरांतले आपले नाव शिकतो. ख्रिस सूनपीट ह्यांच्या जलरंगांत सारा उजेड कंदिलाचा, चुलीचा, माणसांच्या चेहऱ्यांवरचा आहे. ज्ञान म्हणजे प्रकाश हे रूपक झिजून गुळगुळीत झालेले. पण पहाटेच्या खऱ्या अंधारात कामाला निघालेल्या मुलाच्या हातातल्या कंदिलाने ते पुन्हा जिवंत केले आहे.

विल्यम मिलर ह्यांचे 'रिचर्ड राइट अँड द लायब्ररी कार्ड' (१९९७) ह्याहून कठोर आहे. राइट ह्यांच्या 'ब्लॅक बॉय' (१९४५) ह्या आत्मकथनातील प्रसंगावर ते आधारलेले आहे. मेम्फिसमधील ग्रंथालय कृष्णवर्णीयांना पुस्तके देत नाही. रिचर्ड एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड वापरतो आणि पुस्तके त्याच्यासाठी नेत असल्याचे सोंग करतो. ग्रंथपाल बाईला संशय येतो. पुस्तके तुझ्यासाठी तर नाहीत ना? रिचर्ड सांगतो, मला तर वाचताच येत नाही. ती हसते आणि पुस्तके देते. पुस्तक मिळवण्यासाठी वाचकाने आपण निरक्षर असल्याची कबुली द्यायची, ह्याहून भेदक विरोधाभास ह्या विषयावरील चित्रपुस्तकांत क्वचितच सापडेल. लिओला वाचता येत नाही ह्याची लाज आहे; रिचर्डला वाचता येते हे लपवावे लागते. वाचनक्षमता हा विकासाच्या तक्त्यातील रकाना नसून ती सत्तेची वाटणी आहे, हे तो एक प्रसंग दाखवून देतो. ग्रेगरी क्रिस्टी ह्यांनी काढलेली माणसे लांबोडकी, मोठ्या डोक्यांची आहेत. शरीराच्या मानाने डोके जड असलेली ही आकृती वाचणाऱ्याच्या मनाचे ओझेच जणू बाहेरून दाखवते.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्या ठिकाणी शाळेत वेगळ्या तरटावर बसवलेल्या भीमरावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम ह्यांच्या चित्रांनी साकारलेल्या 'भीमायन' (२०११) मध्ये तो मुलगा येतो, पण तिथे केंद्रस्थानी आहे ती तहान. शाळेतला मुलगा पुस्तकापर्यंत पोचण्याआधीच पाण्यापाशी अडवला जातो. चौकाचौकांतील पुतळ्यांत बाबासाहेबांच्या हाती पुस्तक असते. त्या पुस्तकापर्यंतच्या वाटेवरचा वाचणारा मुलगा मात्र आपल्या चित्रपुस्तकांत आणखी पुष्कळदा यायला हवा होता.

तरीही ह्या अमेरिकी पुस्तकांविषयी एक शंका नोंदवावीच लागते. बुकर पुढे संस्थापक झाला, रिचर्ड कादंबरीकार झाला. पॅट मोरा ह्यांच्या 'टोमास अँड द लायब्ररी लेडी' (१९९७) मधील शेतमजुराचा मुलगा टोमास रिव्हेरा १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्राचा कुलपती झाला. तिघांचेही वाचन त्यांच्या भावी मोठेपणाने समर्थनीय ठरते. जो मुलगा मिठागरातच राहिला, ज्याचे नाव कोणत्याही ग्रंथालयाला दिले गेले नाही, त्याच्या वाचनाचे चित्रपुस्तक कोण काढणार? म्हणजे स्पर्धेचे कारण गेले आणि चरित्राचे कारण आले. मोरा ह्यांचे पुस्तक ह्यातून बऱ्याच अंशी सुटते ते आजोबांमुळे. टेक्सासहून आयोवाला पिकामागे भटकणाऱ्या ह्या कुटुंबात गोष्टी सांगतात ते आजोबा. तेच टोमासला ग्रंथालयाची वाट दाखवतात. बाई त्याला आधी पाणी देतात, मग पुस्तके, आणि ती स्वतःच्या नावावर घरी नेऊ देतात. टोमास संध्याकाळी घरच्यांना वाचून दाखवू लागतो आणि आजोबांची जागा हळूहळू नातवाकडे येते. ग्रंथपाल बाईंना तो स्पॅनिश शब्दही शिकवतो. राउल कोलोन ह्यांच्या ओरखड्यांच्या पोताने विणलेल्या चित्रांत डायनोसॉर मुलाच्या भोवती वावरू लागतात. कुलपतिपदाचा उल्लेख पुस्तकाच्या शेवटी टिपेत येतो आणि तो तिथेच असावा हे बरे. कथेला त्याची गरज लागत नाही.

कारण न देता वाचणारा मुलगा शोधायचा तर पुन्हा अँथनी ब्राउन ह्यांच्याकडेच जावे लागते, आणि तेही एका आडबाजूच्या पानावर. 'विली द विम्प' (१९८४) मधला किडकिडीत चिंपांझी विली हा पुरुषत्वाच्या बाजारातला पक्का गिऱ्हाईक आहे. जाहिरात वाचून तो टपालाने पुस्तक मागवतो आणि त्यातील सूचना पाळून बलदंड होतो. वाचन इथे शरीर कमावण्याचे साधन आहे. कारणांची मिरवणूक इथे पूर्ण भरात आहे आणि ब्राउन तिची खिल्ली उडवतात. शेवटी दिव्याच्या खांबावर आपटलेला विली खांबाचीच क्षमा मागतो. सात वर्षांनंतरच्या 'विली अँड ह्यू' (१९९१) मध्ये हाच विली एकटा आहे, खेळात कोणी घेत नाही. बागेत ह्यू जेप नावाचा धिप्पाड गोरिला त्याच्यावर आदळतो आणि दोघेही एकमेकांची माफी मागतात. मैत्री जमते. दोघे प्राणिसंग्रहालयात जाऊन माणसे पाहतात. मग ग्रंथालयात जातात आणि विली ह्यूला वाचून दाखवतो.

ह्या प्रसंगाला शब्दसंहिता एका वाक्याहून अधिक जागा देत नाही. ह्यूला वाचता येते की नाही हे ती सांगत नाही. कोणाची परीक्षा नाही, कोणी मागे पडलेला नाही, कोणाचे भविष्य घडत नाही. दुबळा वाचतो, बलदंड ऐकतो आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. आई आणि मूल, शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांच्यात असते तशी उतरंड इथे नाही. दोन मुलगे आहेत आणि मध्ये पुस्तक आहे. चित्रपुस्तक ऐकणाऱ्या मुलाची स्वतःची स्थितीच ह्या पानावर उमटते, परंतु तिच्यातील असमानता वगळून. वाचनाची अदृश्यता इथे कोणत्याही रूपकाविना सुटली आहे : वाचन दिसते, कारण ते कोणासाठी तरी चालले आहे. ग्रंथालयातून बाहेर पडताना वाटेत एक कोळी असतो. ह्यू जागच्या जागी थिजतो आणि विली तो कोळी अलगद उचलून बाजूला ठेवतो.